बरणीतले उग्र पाणी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या आक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, मानेवर एक गाठ आली होती. तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात ती काढली. दुपारी परिचारिका बाहेर आली आणि तिने माझ्या हातात एक लहानशी प्लॅस्टिकची डबी ठेवली. झाकणाभोवती चिकटपट्टी गुंडाळलेली, वर आक्काचे नाव. "ही जिल्ह्याच्या गावी तपासणीला नेऊन द्या. आजच्या आज. आणि आडवी करू नका हं!" एवढे सांगून ती निघून गेली.

मी एस.टी.त बसलो. डबी दोन्ही हातांत धरलेली. आत स्वच्छ पाण्यासारखे काहीतरी आणि त्यात हरभऱ्याएवढा पांढुरका तुकडा. त्या तुकड्यात आमच्या घराचे पुढचे सारे दिवस साठवलेले होते. घाटात गाडी हेलकावू लागली, आणि झाकणाच्या फटीतून एक वास आला. नाकात सुई टोचावी तसा. डोळ्यांना पाणी आले. शेजारचे म्हातारबाबा नाकाला उपरणे लावून म्हणाले, "मास्तर, काय हो हे? औषध की विष?"

मी काहीच बोललो नाही. उत्तर मला ठाऊकच नव्हते.

प्रयोगशाळेत पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. डबी घेणारा मनुष्य पन्नाशीचा असेल. त्याचे डोळे लाल, आवाज घोगरा. त्याच्यामागे भिंतीला लागून फळ्याच फळ्या आणि फळ्यांवर अशाच डब्या. खोलीला एकच खिडकी, तीही बंद. मी नाकाला रुमाल लावलेला पाहून तो हसला. "पहिल्या दिवशी सगळ्यांनाच लागतो वास. आम्हाला आता येतच नाही. सव्वीस वर्षे झाली." आणि खोकत खोकत त्याने माझी डबी फळीवर ठेवली.

"याच्यापेक्षा बरे दुसरे काही नाही का हो?" मी विचारले.

"असेल की! पण डॉक्टरांना हेच लागते," तो म्हणाला.

म्हातारबाबांचा आणि माझा, हे दोन्ही प्रश्न त्या दिवसापासून माझ्या डोक्यात घर करून बसले. माझे स्वतःचे शिक्षण शालांत परीक्षेपाशीच थांबलेले. शास्त्र मी शिकलो ते मुलांच्या पाठ्यपुस्तकांतून आणि वाचनालयातल्या पुस्तकांतून. पण कथाकादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला एक खोड असते : गोष्ट सुरू कुठून झाली हे कळल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. या उग्र पाण्याची गोष्ट मी अशीच हुडकत गेलो. ती यंदा दिवाळीच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवतो आहे.

नाशिवंत वस्तू टिकवण्याची विद्या आपल्या घरातल्या बायकांना शास्त्रज्ञांच्या किती तरी आधीपासून अवगत आहे. कैरी मिठात पडली की वर्षभर टिकते. आवळा साखरेच्या पाकात मुरला की मोरावळा होतो. कोकणातले बोंबील उन्हात काठीवर वाळतात, आणि पावसाळ्यात दर्याला उधाण आले की तेच कोळ्याच्या ताटात येतात. या साऱ्यांमागचे मर्म एकच. नासवणाऱ्या सूक्ष्म जंतूंना पाणी लागते. मीठ, साखर आणि ऊन ते पाणी काढून घेतात.

परंतु शरीराचा तुकडा नुसता नासू न देणे पुरेसे नाही. जीव गेला की जंतूंची वाट न पाहता पेशी स्वतःच स्वतःला विरघळवू लागतात. अन्न पचवणारे त्यांच्यातले रस मोकळे सुटतात आणि घरालाच लागतात. मालक गेल्यावर नोकरांनीच वाडा लुटावा, तसा हा प्रकार. वैद्याला तर तो वाडा जसाच्या तसा पाहावयाचा असतो. कोणती भिंत कुठे होती, कोणती खोली अवाजवी फुगली होती, कोणी परका आत शिरला होता काय, हे त्याला हवे. म्हणून त्याला नुसते लोणचे नको असते. जिवंतपणीचे रूप गोठवून ठेवणारे काही तरी हवे असते.

हे माणसाला पूर्वी साधत नव्हते. प्राचीन इजिप्तमधील लोक नेट्रॉन नावाच्या नैसर्गिक क्षारात प्रेते सुकवीत. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात या विधीचे वर्णन लिहून ठेवले असून त्याला सत्तर दिवस लागत असे तो म्हणतो. अलेक्झांडरचे प्रेत मधात ठेवून नेले अशी जुनी आख्यायिका आहे. पण या सर्वांचा हेतू परलोकाचा किंवा मानमरातबाचा होता. शरीर वाचून पाहण्याचा नव्हता.

शरीर वाचण्याचा हेतू आपल्याकडे सुश्रुताने सांगितला, आणि त्याची रीत तर अगदी उलटी होती. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात तो म्हणतो की, सर्व अवयव शाबूत असलेले प्रेत घ्यावे. ते विषाने किंवा दीर्घ रोगाने मेलेल्याचे नसावे. आतड्यांतील मळ काढून ते मुंज, कुश यांसारख्या गवतांनी वेढावे, पिंजऱ्यात घालून मंद वाहत्या नदीत आडोशाला ठेवावे. सात रात्रींनंतर ते चांगले कुजले म्हणजे बाहेर काढून वाळ्याच्या, केसांच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासावे, आणि त्वचेपासून आतपर्यंतचे एकेक अंग स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. कुजणे थांबवता येत नाही, तर त्या कुजण्यालाच हाताशी धरावे! या बुद्धीचे कौतुक वाटते. मात्र एकदा पाहिलेले पुन्हा पाहावयास मिळत नसे. ज्ञान उरे, पण पुरावा नदीला मिळे.

पुरावा टिकू लागला तो सतराव्या शतकात, दारूच्या अर्कामुळे. लंडनच्या रॉयल सोसायटीत १६६२ साली विल्यम क्रून या वैद्याने काचेत बंद केलेली, मद्यार्कात ठेवलेली कुत्र्याची पिले सभासदांना दाखवली. रॉबर्ट बॉइल या प्रसिद्ध रसायनज्ञाने १६६६ साली अंड्यातून काढलेली पक्ष्यांची पिले अशा अर्कात कशी राखावी यावर लेख लिहिला. पुढे ॲमस्टरडॅमच्या फ्रेडरिक रॉइशने या कलेची कमाल केली. त्याच्या बरण्या पाहण्यास लोक लांबून येत. रशियाचा सम्राट पीटर याने १७१७ साली तो सारा संग्रह ३०,००० गिल्डर मोजून विकत घेतला. ट्रॅफल्गारच्या लढाईत १८०५ साली नौसेनापती नेल्सन पडला, तेव्हा त्याचा देह ब्रँडीच्या पिंपात घालून इंग्लंडला आणला, हे तर प्रसिद्धच आहे.

मद्यार्काचा गुण मोठा, पण दोषही तेवढेच. तो पाणी ओढून घेतो, त्यामुळे मांस आकसते आणि करकरीत होते. शिवाय तो महाग आणि ठिणगीला भारी हळवा. एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शक यंत्र सुधारले आणि वैद्यांना पेशीच्या पोटातले बारकावे पाहावयाचे डोहाळे लागले. मग पाऱ्याचे क्षार, क्रोमिक आम्ल, ऑस्मियम अशी एकाहून एक जहाल द्रव्ये त्यांनी वापरून पाहिली. चित्र सुरेख येई, पण हाताळणाऱ्याचे काय, हा प्रश्न त्या काळी फारसा कोणी विचारीत नसे.

आता आपल्या कथानायकाचा प्रवेश. रशियन रसायनज्ञ अलेक्झांडर बुटलेरॉव्ह याला १८५९ साली एका प्रयोगात डोळे-नाक झोंबवणारा एक वायू मिळाला होता. पण आपल्या हाती नेमके काय लागले हे त्याच्या ध्यानात आले नाही. जर्मनीतील ऑगस्ट विल्हेल्म फॉन हॉफमन याने १८६७ साली मिथाइल अल्कोहोलची वाफ आणि हवा तापलेल्या प्लॅटिनमवरून नेऊन तोच वायू तयार केला व त्याची ओळख पटवली. हाच फॉर्माल्डिहाइड. पाण्यात तो मुबलक विरघळतो. त्या पाण्याला आपण फॉर्मॅलिन म्हणतो. बाजारात मिळणाऱ्या तीव्र द्रावणात हा वायू ३७ ते ४० टक्के असतो. त्याचे दहापट पाणी करून जे वापरतात ते दहा टक्के फॉर्मॅलिन, म्हणजे खरे पाहता चार टक्क्यांच्या आसपास फॉर्माल्डिहाइड. आक्काच्या डबीत होते ते हेच.

पंचवीस वर्षे हा वायू रसायनज्ञांच्याच घरी राहिला. मग फ्रँकफुर्टचा एक तरुण वैद्य, फर्डिनांड ब्लूम, त्याच्या नादी लागला. जंतू मारण्यास हे द्रव्य उपयोगी पडेल काय, याची तो परीक्षा पाहत होता. दिवसेंदिवस त्याची बोटे त्या पाण्यात बुडत. एके दिवशी त्याच्या ध्यानात आले की आपल्या बोटांची कातडी कडक झाली आहे. मद्यार्कात ठेवलेले मांस होते, अगदी तशी. दुसरा कोणी असता तर हात धुऊन मलम लावता आणि विसरून जाता. ब्लूमने विचार केला : जे माझ्या बोटाला झाले ते उंदराच्या अवयवांना होईल काय? काळपुळीने मेलेल्या एका उंदराचे अवयव त्याने त्या द्रावणात ठेवले. ते कडक झाले, पण आकसले नाहीत, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी जागच्या जागी दिसल्या. १८९३ साली त्याने हे प्रसिद्ध केले. थोड्याच वर्षांत जगभरच्या प्रयोगशाळांत फॉर्मॅलिनची बरणी जाऊन बसली.

ब्लूम पुढे पुष्कळ जगला. नाझींच्या अमदानीत त्याला जर्मनी सोडावी लागली, आणि १९५९ साली वयाच्या चौऱ्याण्णव्या वर्षी तो स्वित्झर्लंडमध्ये वारला.

वाचकहो, या साऱ्या इतिहासात माझे मन अडकते ते त्या बोटांपाशी. फॉर्माल्डिहाइडचा रेणू अगदी इवलासा असतो. तो मांसात शिरतो आणि एका प्रथिनाचा हात दुसऱ्या प्रथिनाच्या हातात देऊन मध्ये जणू टाका घालतो. असे असंख्य टाके पडले की पेशींतले पाचक रस जागच्या जागी जखडले जातात, जंतू मरतात, आणि वाडा जसाच्या तसा उभा राहतो. पण मेलेला उंदीर कोणता आणि जिवंत वैद्य कोणता, हे त्या रेणूला कळत नाही. तो बरणीत जे करतो तेच नाकाच्या आतल्या नाजूक अस्तरावरही करतो. त्याचा गुण आणि त्याचा अवगुण ही दोन निराळी कामे नव्हेत. ते एकच काम आहे. शोध लागला त्याच दिवशी धोकाही डोळ्यांपुढे आला होता. जगाने शोध तेवढा उचलला.

आणि जगाला दोष तरी कसा द्यावा? हे पाणी स्वस्त, करावयास सोपे, पेट न घेणारे. पारा आणि क्रोमिक आम्ल यांच्या मानाने तर ते गरीबच वाटले असेल. मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, तेव्हा या द्रव्याचा जन्मही व्हायचा होता. आपल्या उष्ण हवेत प्रेत किती काळ टिकणार! शवविच्छेदन शिकणाऱ्या त्या पहिल्या पिढ्यांना निसर्गाशी शर्यत लावूनच शिकावे लागत असले पाहिजे. फॉर्मॅलिन आले आणि ही शर्यत संपली. गाठ काढावी, फॉर्मॅलिनमध्ये ठेवावी, मेणाच्या वडीत बसवावी, तिचे केसाहून बारीक काप काढावे, रंगवावे आणि पाहावे, ही रीत सव्वाशेहून अधिक वर्षे चालत आली आहे. कर्करोग आहे की नाही हे सांगणारा डॉक्टर जे चित्र पाहावयास शिकतो, ते फॉर्मॅलिनने रेखलेले चित्र असते. किती माणसे वेळेवर निदान झाल्यामुळे वाचली असतील, त्यांची मोजदाद कोण करणार?

पण हिशेबाची दुसरी बाजूही हळूहळू लिहिली जात होती. १९८० च्या सुमारास अमेरिकेत उंदरांना या वायूत दीर्घकाळ ठेवून पाहिले, तेव्हा त्यांच्या नाकात कर्करोग उद्भवल्याचे दिसले. मग माणसांकडे लक्ष गेले : कारखान्यांतले कामगार, प्रेते राखणारे, प्रयोगशाळांतले लोक. अमेरिकेने १९९२ साली कामाच्या जागेसाठी मर्यादा घातली की, आठ तासांच्या सरासरीने हवेच्या दहा लाख भागांत या वायूचा पाऊण भागही ओलांडता कामा नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेने २००४ साली हे द्रव्य माणसात कर्करोग घडवते असे जाहीर केले. त्या वेळी नाकामागच्या घशाचा कर्करोग हा मुख्य आधार होता. २००९ साली त्यात रक्ताच्या कर्करोगाची भर पडली. २०११ साली अमेरिकेच्या सरकारी यादीतही त्याची गणना निश्चित कर्करोगकारक द्रव्यांत झाली. युरोपीय संघाने २०१४ साली त्याचे वर्गीकरण अधिक कडक केले आणि २०१६ पासून ते अमलात आणले.

याचा अर्थ एस.टी.त दोन तास डबी धरलेल्या मास्तराने घाबरून जावे असा नव्हे. धोका असतो तो रोजचा, वर्षानुवर्षांचा, बंद खोलीतला. म्हणजे त्या लाल डोळ्यांच्या माणसाचा. आणि त्याला वास येईनासा झाला होता, ही तर मला आता सर्वांत भयंकर गोष्ट वाटते. नाक हा शरीराचा चौकीदार. तो गप्प झाला म्हणजे चोर गेला असे थोडेच असते!

तर मग याहून बरे काही आहे काय? आहे, आणि गंमत अशी की, त्याचा शोध घेताना शास्त्रज्ञ पुष्कळदा मागे, जुन्या वाटांनीच गेले.

पहिली वाट मद्यार्काची. मद्यार्क, क्लोरोफॉर्म आणि व्हिनेगारातले आम्ल यांचे एक मिश्रण कार्न्वा या शास्त्रज्ञाच्या नावाने एकोणिसाव्या शतकापासून ओळखले जाते. पुढे त्यात साध्या मद्यार्काऐवजी मिथाइल अल्कोहोल घालून 'मेथाकार्न' निघाले. ही द्रव्ये टाके घालीत नाहीत. पाणी काढून घेऊन प्रथिने जागच्या जागी थिजवतात. त्यामुळे पेशीतली आनुवंशिक द्रव्ये फॉर्मॅलिनपेक्षा पुष्कळ चांगली राहतात. आज कर्करोगावर नेमके कोणते औषध चालेल हे ठरवण्यासाठी ती द्रव्ये वाचावी लागतात, आणि फॉर्मॅलिनच्या टाक्यांनी ती जागोजागी तुटतात. म्हणजे फॉर्मॅलिनला पर्याय हवा तो तंत्रज्ञाच्या नाकासाठीच नव्हे, रोग्याच्या उपचारासाठीही. पण क्लोरोफॉर्म आणि मिथाइल अल्कोहोल हीही विषेच. नुसत्या मद्यार्कावर आधारलेली मिश्रणे त्याहून सौम्य, तरी आकसण्याचा आणि आगीचा जुना दोष त्यांना चिकटलेला आहेच.

दुसरी वाट फॉर्माल्डिहाइडच्या भावकीतली. ग्लायॉक्झाल हा त्याचाच चुलतभाऊ. मात्र तो पाण्याला इतका घट्ट धरून राहतो की वाफ होऊन नाकापर्यंत येत नाही. त्याची चित्रे फॉर्मॅलिनच्या चित्रांशी पुष्कळ जुळतात. पण त्याचे नेहमीचे द्रावण आम्लधर्मी. स्तनाच्या गाठीतले चुन्याचे बारीक कण निदानाला फार मोलाचे असतात. ते त्या आम्लात विरघळू शकतात. म्हणून इटलीतील तुरीन येथल्या संशोधकांनी त्यातले आम्ल काढून टाकून त्याचे प्रयोग केले आणि २०१७ साली ते प्रसिद्ध केले. हाताळताना मोजे त्यालाही लागतात. निरुपद्रवी असे त्याला म्हणता येणार नाही. पण श्वासाचा धोका टळला, हे काय थोडे झाले?

तिसरी वाट तर मला फारच आवडली. तुरीनच्याच डॉक्टरांनी विचार केला की, शस्त्रक्रियागृहात काढलेला मोठा अवयव प्रयोगशाळेत नेईपर्यंत फॉर्मॅलिनच्या बादलीत बुडवलाच पाहिजे काय? त्यांनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, यंत्राने आतली हवा ओढून काढली, तोंड बंद केले आणि पिशवी थंड पेटीत ठेवली. वाण्याच्या दुकानात हवाबंद पुडे असतात, तसेच. २००८ साली त्यांनी हा अनुभव प्रसिद्ध केला. थंडीत पेशींचे पाचक रस मंदावतात, हवा नसल्याने तुकडा वाळत नाही. फॉर्मॅलिन लागते ते पुढे, प्रयोगशाळेत, मोजून-मापून. शस्त्रक्रियागृहातल्या बायाबापड्यांना त्या बादल्या उचलाव्या लागत नाहीत. हा काही नवा रसायनाचा शोध नव्हे; नवी शहाणीव आहे.

चौथी वाट मिठाची. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे वाल्टर थील नावाचे शरीररचनाशास्त्रज्ञ होते. फॉर्मॅलिनमधले प्रेत लाकडासारखे ताठ आणि मातकट होते, याची त्यांना खंत होती. खाटकाच्या दुकानातले खारवलेले मांस पाहून त्यांच्या मनात आले की, याचा रंग आणि मऊपणा टिकतो, मग आमच्या टेबलावरचा का टिकू नये? त्यांनी अनेक वर्षे प्रयोग केले आणि १९९२ साली आपली कृती प्रसिद्ध केली. तीत सोऱ्यासारखे क्षार, बोरिक आम्ल, ग्लायकॉल ही मुख्य. फॉर्मॅलिन अगदी थोडे. त्या कृतीने राखलेल्या देहाचे सांधे वाकतात, रंग ओळखू येतो, आणि नवशिक्या शल्यवैद्याला जिवंत माणसावर हात चालवण्याआधी तिथे सराव करता येतो. ही कृती खर्चिक आहे, पण अनेक देशांतल्या वैद्यकशाळांनी ती घेतली आहे.

आणि पाचवी वाट ऐकून आमची आक्का खो खो हसली होती. मध आणि गूळ! २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मधाच्या पाण्यात ठेवलेल्या ऊतींचे चित्र फॉर्मॅलिनच्या चित्राच्या तोडीचे आढळले. त्यानंतर २०१३ च्या सुमारास आपल्या देशातील दंतवैद्यकाच्या संशोधकांनी बकऱ्याच्या मांसाचे तुकडे मध, साखर आणि गूळ यांच्या पाण्यात ठेवून फॉर्मॅलिनशी ताडून पाहिले. या तिघांत गूळ सरस ठरला. गोड पाणी आम्लधर्मी झाले की त्यातल्या शर्करांपासून थोडी थोडी अल्डिहाइडे तयार होतात आणि प्रथिनांना हळुवार टाके घालतात, असे त्याचे कारण संशोधक देतात. म्हणजे काम तेच, फॉर्मॅलिनचेच. पण नाकाशी भांडण न करता. अर्थात गुळाचे पातळ पाणी आंबते, त्याला बुरशी लागते. शिवाय एका गुऱ्हाळाचा गूळ दुसऱ्यासारखा नसतो, आणि प्रयोगशाळेला तर आज आणि उद्या, सांगली आणि शिलाँग, सगळीकडे तेच चित्र हवे. म्हणून हे प्रयोग अजून प्रयोगच आहेत. तरीही ज्या दवाखान्याला काही परवडत नाही, तिथे कधी काळी हाच गूळ उपयोगी पडणार नाही असे कोणी म्हणावे?

इतके सगळे असताना जगातल्या बहुतेक प्रयोगशाळांत ती जुनी बरणी अजून का? त्या माणसाचे उत्तर खरे होते : डॉक्टरांना हेच लागते. आणि ते हट्टाने नव्हे. रंग, चाचण्या, तुलनेसाठी जपून ठेवलेल्या दशकांच्या मेणवड्या, सारे फॉर्मॅलिनच्या हिशेबाने बसवलेले आहे. उद्या द्रव्य बदलले आणि चित्र किंचित निराळे आले, तर गाठ साधी की घातक, या निर्णयात चूक होऊ शकते. ती चूक कोणाच्या तरी आक्काची असेल. म्हणून प्रत्येक पर्यायाला हजारो गाठींवर फॉर्मॅलिनशी समोरासमोर उभे राहून आपली पारख करून घ्यावी लागते. या सावधपणाला मी नावे ठेवणार नाही.

पण निदानासाठी थांबणे एक आणि माणसासाठी थांबणे दुसरे. खिडकी उघडावयाला कोणत्या पर्यायाची वाट पाहावी लागते? वाफ ओढून घेणारे धुराडे बसवावे, डब्या भरलेल्या आणि घट्ट झाकणाच्याच आणाव्या, पिंपातून ओतण्याचे काम टाळावे, मोठे अवयव हवाबंद पिशवीतून न्यावे, हवेतला वायू वरचेवर मोजावा. ही कामे आज करता येण्यासारखी आहेत. आमच्यासारख्या शाळांच्या कपाटांत बेडूक आणि साप फॉर्मॅलिनमध्ये पिवळे पडत बसलेले असतात, त्यांचे तर निदानही करावयाचे नसते. आमच्या कपाटातल्या तीन बरण्यांची झाकणे सैल झाली होती. मी मुख्याध्यापकांच्या पाठीस लागून त्या जाणकारांकडून रीतसर हलवल्या. त्या जागी आता प्लॅस्टिकचा बेडूक आहे. मुलांना तो उलट जास्त आवडतो, कारण त्याला हात लावता येतो.

आक्काच्या तपासणीचा निकाल आठ दिवसांनी आला. गाठ साधी होती. त्या संध्याकाळी घरात किती तरी दिवसांनी सर्वांनी पोटभर जेवण केले. मला मात्र त्या आनंदात राहून राहून ते लाल डोळे आठवत होते. हरभऱ्याएवढ्या तुकड्याने आम्हाला आमची बहीण परत दिली. ती आम्हाला देण्यासाठी त्या बंद खोलीत कोणी तरी सव्वीस वर्षे श्वास घेत होता.

पुढे एकदा कामानिमित्त जिल्ह्याच्या गावी गेलो, तेव्हा मुद्दाम त्या प्रयोगशाळेवरून गेलो. तो मनुष्य निवृत्त झाला होता. त्याच्या जागी वीस-बावीस वर्षांची एक मुलगी बसली होती. खिडकी उघडी होती, आणि तिच्यात एक पंखा बसवलेला होता, हवा बाहेर टाकणारा. मी तिला विचारले, "बाई, वास येतो का हो तुम्हाला?"

ती म्हणाली, "येतो ना! आला की मी लगेच सांगते."

दिवाळी झाली की कार्तिकात आवळे येतील. आक्का दरवर्षीप्रमाणे मोरावळा घालील, आणि यंदा त्यातली एक बरणी त्या मुलीला नेऊन द्यावी असे तिने मला बजावून ठेवले आहे. या बरणीला झाकण जरा सैल राहिले तरी चालेल.